फुकट, मोफत आणि मोकळे

मे महिन्याच्या सुट्टीत माझा भाचा आमच्याकडे राहायला आला होता. वय वर्षे तेरा. दोन दिवस त्याने आंबे खाल्ले आणि तिसऱ्या दिवशी माझ्या कॉम्प्युटरकडे पाहून विचारले, ‘मामू, यावर एकही गेम नाही?’ मी म्हटले, ‘बेटा, यावर कविता आहेत.’ त्याने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले, ती नजर मराठी कवींच्या चांगल्या परिचयाची आहे.

दुपारी माझा डोळा लागला होता, तेवढ्यात त्याने इंटरनेटवरून एक गेम उतरवून घेतला. अगदी फुकट. संध्याकाळपर्यंत पडद्यावर जाहिरातींचा पाऊस सुरू झाला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कॉम्प्युटर उघडेचना. गल्लीच्या तोंडाशी कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या एका तरुणाचे दुकान आहे. त्याने तपासून सांगितले, ‘सर, सगळे पुसून पुन्हा भरावे लागेल. कवितांची दुसरी प्रत कुठे आहे का?’

होती. २००२ साली मी हौसेने एका सीडीवर बत्तीस कविता उतरवून ठेवल्या होत्या. त्यातल्या एकवीस पुढे छापून आल्या. उरलेल्या अकरा त्या सीडीखेरीज आणि या कॉम्प्युटरखेरीज कुठेच नव्हत्या. दुकानदाराने सीडी लावली. सीडी चालली. फाइल उघडली. पण पडद्यावर जे आले ते मराठी नव्हते. इंग्रजी अक्षरे, कंस, टिंबे, उद्गारचिन्हे यांची नुसती खिचडी होती.

त्या काळी मराठी टाइप करण्यासाठी निरनिराळ्या कंपन्यांचे फॉण्ट मिळत. आतून इंग्रजी अक्षर साठवायचे आणि वरून त्याला देवनागरी आकाराचा मुखवटा घालायचा, अशी त्यांची रीत. प्रत्येक कंपनीचा मुखवटा निराळा. मी घेतलेल्या सॉफ्टवेअरला तर प्रिंटरच्या खोबणीत बसवायची एक किल्लीही होती, ती लावल्याशिवाय ते सुरूच होत नसे. किल्ली माझ्या कपाटात अजून आहे. पण ती बसेल अशी खोबण आजच्या कॉम्प्युटरला नसते, आणि ते सॉफ्टवेअर बनवणारेही आता त्या धंद्यात नाहीत. म्हणजे कविता माझ्या, पैसे मी भरलेले, आणि कुलूप दुसऱ्याचे.

मी गप्प बसलो होतो आणि भाचा रडवेला झाला होता. त्याची समजूत काढायला दुकानदाराने आपल्या कॉम्प्युटरवर एक गेम लावून दिला. चित्र नाही, आवाज नाही, काळ्या पडद्यावर नुसती इंग्रजी वाक्ये. ‘हा माझ्या जन्माच्या आधीचा गेम आहे,’ तो म्हणाला. ‘१९७६ चा. अजून चालतो.’

तेव्हापासून एक प्रश्न माझ्या डोक्यात घोळतो आहे. १९७६ सालचा खेळ आज उघडतो आणि माझ्या २००२ सालच्या कविता उघडत नाहीत, असे का व्हावे? कॉम्प्युटरमधले मला फारसे कळत नाही. पण त्या खेळाचा माग काढत गेलो, तेव्हा जी हकीकत हाती आली ती आज सांगणार आहे. शेवटी काही खेळांची नावेही सांगेन. ते जरूर उतरवून घ्या, पैसे पडणार नाहीत.

या हकीकतीची सुरुवात अमेरिकेतल्या एमआयटी या विख्यात तंत्रशिक्षण संस्थेत होते. १९६१ साली तिथे पीडीपी-१ नावाचे एक यंत्र देणगी म्हणून आले. किंमत सुमारे १ लाख २० हजार डॉलर. त्याला गोल पडदा होता, हे त्या काळी अप्रूप. विद्यार्थ्यांच्या एका टोळक्याला वाटले की यावर काहीतरी भन्नाट करून दाखवावे. काम स्टीव्ह रसेल नावाच्या तरुणाकडे आले. रसेल मोठा आळशी. गणिताचा एक तुकडा माझ्याकडे नाही, या सबबीवर तो काम पुढे ढकलत राहिला. शेवटी अ‍ॅलन कोटॉक हा मित्र थेट यंत्र बनवणाऱ्या कंपनीत गेला, तो तुकडा घेऊन आला आणि त्याच्या पुढ्यात ठेवला. सबब संपली. १९६२ साली ‘स्पेसवॉर’ तयार झाले.

पडद्यावर दोन अंतराळयाने एकमेकांवर मारा करतात, एवढाच खेळ. पण पुढचे पाहा. पीटर सॅमसन या मित्राला मागचे आकाश खोटे वाटले, म्हणून त्याने खऱ्या ताऱ्यांचा नकाशा त्यात बसवला. डॅन एडवर्ड्‌सने मध्यभागी एक सूर्य आणि त्याचे गुरुत्वाकर्षण घातले. कोटॉक आणि बॉब सॉण्डर्स यांनी खेळण्यासाठी हातात धरायच्या पेट्या बनवल्या. खेळाचा प्रोग्रॅम छिद्रे पाडलेल्या कागदी पट्टीवर होता. ती पट्टी ज्याला हवी त्याने न्यावी, वाटल्यास बदल करावा. विकण्याचा प्रश्नच नव्हता, कारण तसली यंत्रे सगळ्या जगात मिळून पन्नासच्या आसपास. यंत्र नीट चालते का हे तपासायला खुद्द कंपनीही तोच खेळ वापरू लागली. रसेलला त्यातून दमडी मिळाली नाही. १९७१ साली याच कल्पनेवर नाणे टाकून खेळायची यंत्रे बाजारात आली आणि कॉम्प्युटर खेळांचा धंदा सुरू झाला. म्हणजे धंद्याच्या आधी जवळजवळ दहा वर्षे, खेळ हातोहात वाटला जात होता.

आता भाच्याने पाहिलेल्या त्या खेळाकडे येतो. त्याच्या मुळाशी एक घर आहे, आणि ते घर मोडलेले आहे. विल क्राउथर हा मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या केंब्रिज गावी एका कंपनीत प्रोग्रॅमर होता. इंटरनेटचा पूर्वज म्हणता येईल असे अर्पानेट नावाचे जाळे विणणाऱ्यांपैकी तो एक. त्याला आणि त्याची पत्नी पॅट हिला गुहा धुंडाळण्याचा छंद होता. केंटकी राज्यात मॅमथ केव्ह नावाचे गुहांचे प्रचंड जाळे आहे. शेजारच्या फ्लिंट रिजच्या गुहा या जाळ्याला आतून जोडलेल्या आहेत, हे १९७२ साली ज्या तुकडीने शोधून काढले, तिच्यात पॅट होती. विल घरी बसून त्या गुहांचे नकाशे कॉम्प्युटरवर काढत असे.

पुढे दोघे विभक्त झाले. मुली दुरावल्यासारख्या झाल्या. गुहांतले जाणे सुटले. तेव्हा मुली भेटायला येतील त्या वेळी त्यांना खेळायला काहीतरी असावे, म्हणून या बापाने १९७५-७६च्या सुमारास एक खेळ लिहिला. रस्त्याच्या टोकाशी विटांची एक लहानशी इमारत, आत झरा, किल्ल्या आणि एक दिवा. तिथून दरीत उतरायचे, लोखंडी जाळीचे कुलूप काढायचे आणि गुहेत शिरायचे. पुढे कुठे जायचे ते कॉम्प्युटरला दोन शब्दांत सांगायचे. तो उत्तर देतो. खेळाचे नाव ‘कोलोसल केव्ह अ‍ॅडव्हेंचर’. त्यातली गुहा मनची नाही. बरीचशी केंटकीतल्या खऱ्या बेडक्विल्ट गुहेसारखी आहे. डेनिस जेर्झ या प्राध्यापकाने २००५ साली त्या गुहेत उतरून खेळाशी ताडून पाहिले. खेळातल्या कितीतरी जागा तिथे जशाच्या तशा सापडल्या.

क्राउथरने खेळ जाळ्यावरच्या एका कॉम्प्युटरवर ठेवला आणि तो दुसऱ्या कामाला लागला. १९७६ साली स्टॅनफर्डच्या डॉन वुड्‌स या विद्यार्थ्याला तो सापडला. खेळ आवडला, पण त्यात चुका होत्या, अर्धवटपणा होता. दुरुस्त करावा तर लेखकाची परवानगी हवी. खेळात नाव एवढेच, क्राउथर. तेव्हा जाळ्यावर जेवढे कॉम्प्युटर होते त्या प्रत्येकावरच्या ‘क्राउथर’ या नावाने वुड्‌सने पत्र धाडले. आज हे शक्य नाही, तेव्हा होते. एका ठिकाणाहून उत्तर आले. क्राउथरने मूळ प्रोग्रॅम देऊन टाकला. वुड्‌सने १९७७ साली त्यात खजिने घातले, गुणांची पद्धत घातली, पूल अडवून बसणारा एक राक्षस घातला. त्याच वर्षी जिम गिलोग्ली यांनी तो दुसऱ्या संगणकभाषेत नेला. पुढे कोणी आणखी दालने वाढवली, कोणी कमी केली. २०१७ साली एरिक रेमंड यांनी दोन्ही मूळ लेखकांच्या संमतीने त्याची नवी, सर्वांना खुली आवृत्ती काढली.

आणि क्राउथरचा अगदी पहिला खर्डा? तो हरवला असेच सगळे धरून चालले होते. २००५ साली तो स्टॅनफर्डमध्ये वुड्‌सच्या विद्यार्थिदशेतल्या जुन्या खात्याच्या राखून ठेवलेल्या प्रतीत सापडला. कोणीतरी नकलून ठेवलेले कुठेतरी सापडते. आपल्याकडची कितीतरी जुनी बाडे अशीच वाचली आहेत. नक्कल करायला बंदी असती, तर ना ती बाडे राहिली असती ना ही गुहा.

इथे मला आपल्या भाषेतले तीन शब्द पुढे ठेवायचे आहेत. फुकट, मोफत आणि मोकळे. इंग्रजीत या तिन्हींसाठी ‘फ्री’ हा एकच शब्द. त्यामुळे रिचर्ड स्टॉलमन नावाच्या गृहस्थांचा फार घोटाळा झाला. १९८३ साली त्यांनी ‘ग्नू’ हा प्रकल्प जाहीर केला. त्यांचे म्हणणे असे की प्रोग्रॅम चालवण्याचे, त्याच्या आत काय लिहिले आहे ते वाचण्याचे, त्यात बदल करण्याचे आणि तो इतरांना देण्याचे स्वातंत्र्य वापरणाऱ्याला असले पाहिजे. १९८९ साली त्यांनी यासाठी जीपीएल नावाचा परवाना तयार केला. त्यातली अट मोठी मार्मिक आहे. तुम्हाला जे मोकळे मिळाले, ते बदलून पुढे द्याल तर मोकळेच द्या. तेव्हापासून स्टॉलमन लोकांना समजावत आहेत की ‘फ्री’ म्हणजे किंमत शून्य नव्हे, ‘फ्री’ म्हणजे स्वतंत्र. मराठीत असते तर त्यांचे निम्मे आयुष्य वाचले असते.

मोहरमच्या दिवसांत आमच्या मोहल्ल्यात सबील लागते, तशी गावोगावी उन्हाळ्यात पाणपोई लागते. तिथे कोणीही पाणी प्यावे, भांडे भरून शेजाऱ्याला न्यावे, जमल्यास स्वतःची घागर आणून ओतावी. मनाई एकाच गोष्टीला आहे. रांजणाला कुलूप घालायचे नाही. जीपीएल म्हणजे हाच नियम, कायद्याच्या भाषेत.

मोफतची गोष्ट थोडी निराळी. हा शब्द फारसी ‘मुफ्त’वरून आपल्याकडे आला. मोफत खेळ लेखक प्रेमाने देतो, पैसे घेत नाही, पण आतला कागद स्वतःजवळ ठेवतो. जपानच्या दाइसुके अमाया यांनी फावल्या वेळात पाच वर्षे खपून ‘केव्ह स्टोरी’ नावाचा खेळ एकट्याने केला. चित्रे, संगीत, कथा सगळे त्यांचेच. २००४ साली त्यांनी तो जगाला देऊन टाकला. ही भेट आहे आणि भेटीचा मान ठेवून ती घ्यावी.

फुकटचे काय, ते भाच्याने मला दाखवलेच होते. तिथे किंमत नंतर वसूल होते. कधी जाहिरातींतून, कधी तुमच्या माहितीतून, कधी मूल खेळात अडकले की पुढच्या पायरीसाठी पैसे मागून.

या तिघांच्या मधेही एक जात आहे. फळवाला आंब्याची एक फोड कापून हातावर ठेवतो, आवडली तर पेटी घ्या म्हणतो. १० डिसेंबर १९९३ रोजी ‘डूम’ हा खेळ असाच आला. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या कॉम्प्युटरवर त्याचा पहिला भाग ठेवला होता. नऊ पायऱ्या मोफत, पुढच्या विकत. तो भाग हातोहात जगभर गेला. खेळ रक्तरंजित आहे आणि लहान मुलांसाठी नाही, हे सांगून ठेवतो. पण त्याच्या कर्त्यांनी पुढे केले ते सांगण्याजोगे आहे. धंदा झाल्यावर, १९९७ साली, त्यांनी खेळाचा मूळ प्रोग्रॅमच जाहीर केला, आणि दोन वर्षांनी त्याला जीपीएलची छत्री दिली. म्हणून तीस वर्षांपूर्वीचा हा खेळ आजच्या कुठल्याही यंत्रावर चालतो. हौशी लोकांनी तो चालवता राहील याची काळजी घेतली. मूळ कंपनीला ते करण्याची गरज उरली नाही.

आता ज्यांनी कुलपे शाबूत ठेवली त्यांचे काय झाले, तेही पाहू. २००० नंतरच्या दशकात आपल्या सायबर कॅफेंतून मुले जे छोटे छोटे खेळ खेळत, त्यातले पुष्कळसे फ्लॅश नावाच्या तंत्रावर चालत. ते तंत्र एका कंपनीच्या मालकीचे. कंपनीने २०१७ साली सांगितले की आम्ही ते बंद करणार, आणि ३१ डिसेंबर २०२० रोजी बंद केले. हजारो खेळ एका रात्रीत मुके झाले. त्यातले पुष्कळ आज खेळता येतात, पण ते ‘फ्लॅशपॉइंट’ नावाने काम करणाऱ्या स्वयंसेवकांमुळे. त्यांनी २०१८ पासूनच एकेक खेळ गोळा करून ठेवायला सुरुवात केली होती. २०२३ साली अमेरिकेतल्या ‘व्हिडिओ गेम हिस्टरी फाउण्डेशन’ने पाहणी केली. तिथे २०१० पूर्वी निघालेल्या जुन्या खेळांपैकी ८७ टक्के खेळ आज बाजारात विकत मिळत नाहीत, असे तिच्यात आढळले. पैसे घेऊन गेलात तरी मिळत नाहीत. माझ्या अकरा कवितांसारखेच.

मोकळे खेळ मात्र वयाने वाढत राहिले. १९८०च्या सुमारास कॅलिफोर्नियातल्या विद्यार्थ्यांनी ‘रोग’ नावाचा खेळ केला. त्यावरून स्फूर्ती घेऊन १९८२ साली एका हायस्कूलच्या मुलांनी ‘हॅक’ केला. तो अ‍ॅमस्टरडॅमच्या एका गणितज्ञाने वाढवला, आणि १९८७ साली त्यातून ‘नेटहॅक’ निघाला. जमिनीखालची तळघरे, दर खेळाला नव्याने रचली जाणारी. तुम्ही म्हणजे पडद्यावर ईमेलच्या पत्त्यातले ते ॲटचे चिन्ह, आणि सोबत एक कुत्रा किंवा मांजर. मेलात की पुन्हा पहिल्यापासून. कधी कधी आपल्याच आधीच्या खेळातले मेलेले पात्र भूत होऊन भेटते, त्याच्या सामानासकट. हा खेळ लिहिणारे हात बदलत गेले, पण नवी आवृत्ती काढणारे कोणी ना कोणी पुढे येतच राहिले.

१९९५च्या नोव्हेंबरात डेन्मार्कमधल्या ऑरहुस विद्यापीठाच्या तीन विद्यार्थ्यांनी ‘फ्रीसिव्ह’ लिहायला घेतला. एक लहानशी वस्ती वसवायची आणि लिपी, शेती, नौका, विज्ञान करत करत संस्कृती उभी करायची. २००३ साली डेव्हिड व्हाइट यांनी ‘बॅटल फॉर वेस्नॉथ’ सुरू केला. षटकोनी घरांच्या पटावर पाळीपाळीने खेळायची ही लढाई. तिच्यात कथा लिहिणारे, चित्रे काढणारे, संगीत देणारे, भाषांतर करणारे असे कितीतरी लोक स्वखुशीने येत गेले. २००४ साली लुडविग स्ट्रिगेउस यांनी ‘ट्रान्सपोर्ट टायकून डिलक्स’ या १९९५च्या विकाऊ खेळाला नवा जन्म दिला, नाव ‘ओपन टीटीडी’. त्यात रेल्वेमार्ग टाकायचे, स्थानके बांधायची, गाड्या वेळेवर धावतील असे पाहायचे. मुंबईच्या लोकलने रोज प्रवास करणाऱ्यांनी हा खेळ एकदा तरी खेळावा. नुसत्या एका सिग्नलमुळे मागे किती गाड्या खोळंबतात, हे कळले की मोटरमनवरचा राग थोडा कमी होतो. ‘झिरो ए.डी.’ या खेळात तर ग्रीक, रोमन, इराणी यांच्या बरोबरीने आपले मौर्यही आहेत, हत्तींसह.

मला स्वतःला आवडतो तो मात्र सगळ्यांत जुना खेळ. बुद्धिबळ इथून इराणात गेले, अरबांकडे गेले, ‘शतरंज’ झाले, आणि ‘वजीर’ हा शब्द घेऊन परत आले. या प्रवासात त्याला कोणी मालक नव्हता. म्हणूनच जिथे गेले तिथे लोकांनी त्याचे नियम थोडे थोडे सुधारले. आज त्याचा कॉम्प्युटरवरचा जो अवतार आहे, तोही याच परंपरेतला. २००८ साली नॉर्वे, इटली आणि फिनलंड इथल्या तिघांनी मिळून ‘स्टॉकफिश’ हा बुद्धिबळ खेळणारा प्रोग्रॅम काढला. आधीचा पाया नॉर्वेजियन माणसाचा, त्यावरची उभारणी इटालियनाची, म्हणून नॉर्वेत सुकवून इटलीत शिजवल्या जाणाऱ्या माशाचे नाव. तो जगातल्या सर्वांत बलाढ्य बुद्धिबळ प्रोग्रॅमांपैकी एक आहे. कुठलाही जगज्जेता त्याच्यापुढे टिकत नाही. आणि तो पूर्णपणे मोकळा आहे. महागडा प्रशिक्षक न परवडणाऱ्या तालुक्याच्या गावातल्या मुलीलाही तो जगज्जेत्याइतकाच उपलब्ध आहे. २०१० साली तिबो द्युप्लेसी या फ्रेंच तरुणाने ‘लीचेस’ सुरू केले. तिथे जाहिरात नाही, वर्गणी नाही. देणग्यांवर सगळे चालते.

देणगीचा विषय निघाला म्हणून एक अवघड गोष्टही सांगितली पाहिजे. टार्न आणि झॅक अ‍ॅडम्स हे दोघे भाऊ. २००६ साली त्यांनी ‘ड्‌वॉर्फ फोर्ट्रेस’ हा खेळ मोफत दिला आणि लोकांच्या देणग्यांवर गुजराण करत तो वर्षानुवर्षे वाढवला. २०१२ साली न्यूयॉर्कच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयाने तो आपल्या संग्रहात घेतला. एवढा मान. पण २०१९ साली भावांनी जाहीर केले की घरातल्या आजारपणामुळे उपचारांच्या खर्चाची चिंता वाटते, म्हणून आम्ही याची एक सजवलेली आवृत्ती विकणार. २०२२च्या डिसेंबरात ती निघाली आणि धडाक्याने विकली गेली. मूळ साधी आवृत्ती त्यांनी मोफतच ठेवली. मला हे फार सभ्यपणाचे वाटले. मोकळे देणाऱ्यालाही पोट असते, दवाखाना असतो. कवितेचे मानधन म्हणून अंकाची प्रत मिळणाऱ्या आम्हा मंडळींना हे वेगळे सांगायला नको. तेव्हा खेळ आवडला तर कर्त्याच्या संकेतस्थळावर देणगीचे बटण असते. जमेल तेवढे द्यावे. सबीलीत बर्फाची एक लादी आपणही आणून टाकावी.

तर श्रोतेहो, आता यादी. वाचनाची आणि इंग्रजीची गोडी लागावी असे वाटत असेल तर ‘अ‍ॅडव्हेंचर’ची मोकळी आवृत्ती. मूल अगदी लहान असेल तर ‘जीकॉम्प्री’. फ्रान्समध्ये २००० साली सुरू झालेला हा शंभराहून अधिक छोट्या खेळांचा संच आहे. अक्षरओळख, बेरीज-वजाबाकी, घड्याळ, नकाशे, सगळे त्यात आहे. केरळच्या लोकांनी त्यात आपली मल्याळम बसवली. आपल्या भाषेसाठी असे काम करू पाहणाऱ्या कोणालाही परवानगी मागत फिरावे लागत नाही, हेच मोकळेपणाचे मोल. पुढच्या वयाला बुद्धिबळासाठी ‘लीचेस’, रेल्वेसाठी ‘ओपन टीटीडी’, डावपेचांसाठी ‘वेस्नॉथ’, इतिहासाची आवड असेल तर ‘फ्रीसिव्ह’ आणि ‘झिरो ए.डी.’ एकांतात, रात्री, गोष्ट वाचल्यासारखा खेळायचा असेल तर ‘केव्ह स्टोरी’. आणि चिकाटी असेल तरच ‘नेटहॅक’. यातले बहुतेक खेळ जुन्या, साध्या कॉम्प्युटरवरही चालतात. ‘झिरो ए.डी.’ला मात्र थोडे नवे यंत्र लागते.

उतरवून घेताना तीन पथ्ये पाळा. खेळ त्याच्या कर्त्यांच्या स्वतःच्या संकेतस्थळावरूनच घ्या, मधल्या दलालांच्या पानांवरून नको. तिथे ‘डाउनलोड’ लिहिलेली पाच बटणे असतात आणि त्यातली चार जाहिरातींची असतात. खेळ बसवताना सोबत आणखी काही बसवू का असे विचारले, तर नाही म्हणा. आणि त्याआधी आपल्या महत्त्वाच्या कागदांची एक प्रत दुसरीकडे ठेवा. हे तिसरे पथ्य मी किंमत मोजून शिकलो.

माझ्या अकरा कवितांपैकी चार मला आठवून आठवून पुन्हा लिहिता आल्या. एक बहिणीला पाठ होती, भाच्याच्या आईला. लग्नाआधी तिला मी ती वाचून दाखवली होती, तिने फोनवर ती सलग म्हणून दाखवली. बाकीच्या सहांसाठी दुकानातला तो तरुण त्या फॉण्टचा मुखवटा उलगडण्याच्या खटपटीत आहे. त्याने दोन ओळी काढून दाखवल्यासुद्धा. आता मी सगळे साध्या युनिकोडमध्ये लिहितो, तिथे देवनागरी अक्षर देवनागरी म्हणूनच साठते. प्रत तीन घरी ठेवतो. कोणी मागितली तर चौथ्या घरीही देतो.

आणि भाचा? सुट्टी संपवून तो गावी गेला, जाताना ती गुहा पेनड्राइव्हमध्ये घालून घेऊन गेला. परवा रात्री अकरा वाजता त्याचा फोन आला. मला वाटले, घरी काही बरेवाईट. तो हळू आवाजात म्हणाला, ‘मामू, मी आत भूलभुलैयात अडकलोय आणि दिव्याची बॅटरी संपत आलीय. काय करू?’

मी कॉम्प्युटर सुरू केला, आणि त्याच्यामागोमाग आत उतरलो.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)